घुं नसलेला आवाज

भोंगेवाल्या क्वाकू तवीया मास्तरचं आणि त्या ‘घुं’चं पस्तीस वर्षांचं वैर होतं. चर्चचा माइक असो, शाळेचा असो, नाहीतर मयताच्या मांडवातला, बटण दाबलं की भोंग्यातून आधी घुं यायची आणि तिच्यामागून माणूस. बेक्वाई गावच्या लोकांना तिची इतकी सवय, की घुं सुरू झाली की बाया बोलता बोलता थांबायच्या, पोरांच्या पाठीत धपाटे बसायचे, आणि आता कुणीतरी बोलणार म्हणून सगळ्या माना वर व्हायच्या. मास्तरला मात्र ती ऐकली की घासात खडा लागल्यासारखं व्हायचं.

“विजेचा मळ आहे तो,” तो म्हणायचा. “स्वच्छ पाण्यात शेण कालवल्यासारखं.”

“असू दे की,” गिऱ्हाईक म्हणायचं. “आवाज मोठा येतो ना?”

मोठा. बेक्वाईत सगळ्यांना मोठाच हवा. शनिवार मयताच्या कार्याचा. काळे-लाल कपडे नेसलेली माणसं, भाड्याच्या प्लास्टिक खुर्च्या आणि मास्तरची भोंग्यांची माणसाएवढी खोकी. घरचे लोक कॅसेट घेऊन यायचे. कुणाच्या लग्नात म्हातारा दोन शब्द बोललेला असायचा, कुणी परदेशातल्या लेकाला निरोप भरून पाठवलेला असायचा. मास्तर ती लावायचा आणि मेलेला माणूस अख्ख्या गल्लीला ‘कसे आहात, बरे आहात ना’ विचारायचा. बाया डोक्यावर हात घेऊन आक्रोश करायच्या. टेप लावताना माइक बंद असतो, म्हणून घुं नसायची. तेवढ्यापुरता मास्तरचा जीव थंड असायचा. मेलेल्यांचे आवाज स्वच्छ आणि जित्यांचे मळके, असं होऊन बसलं होतं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

त्याची बायको बिरागो. तिला भोंग्याची कधी गरज पडली नाही. बाजारात धुरी दिलेली मासळी विकायची, आणि तिने हाक घातली की लॉरीवाले उगाच ब्रेक दाबायचे. त्या मासळीवर तिने चार खोल्यांचं घर उभं केलं. एका मोसमात दहा विटा, दुसऱ्या मोसमात दोन पत्रे, असं करत एकवीस वर्षांत. मास्तरचा त्यात हात म्हणजे त्याने तारा ओढल्या आणि दिवे लावले. “घर माझं, उजेड तुमचा,” ती म्हणायची, “आणि उजेड सरकार एक दिवसाआड घेऊन जातं.” त्या वर्षी धरणात पाणी नव्हतं, आणि लाइट खरंच एक दिवसाआड यायची.

तिला पोटचं मूल झालं नाही. आफ्रिये तिच्याकडे आली ती चार वर्षांची, एक पाय वाळलेला, मास्तरच्या पहिल्या बायकोची मुलगी. ती बायको किनाऱ्याकडची होती, तापाने गेली, आणि तिच्या माणसांनी मागे वळून पाहिलं नाही. आपल्याकडे मूल आईच्या कुळाचं. बापाने पोटाला घालावं, शाळेत घालावं, पण बापाच्या कुळाच्या घरात त्याला कोपरा नाही. म्हणजे आफ्रियेचं बेक्वाईत कुळ असं कुणीच नव्हतं. बिरागोने तिला पाठीवर बांधली आणि मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेतल्या. आता पोर एकतीस वर्षांची होती, शिवणकाम करायची, आणि गेले सात महिने सावत्र आईचं अंग पुसणं, चमच्याने पेज भरवणं, सगळं तीच करत होती.

सात महिन्यांपूर्वी बिरागोच्या गळ्यातली गाठ कापली. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं की गाठीबरोबर आवाज जाईल. आवाज गेला. गाठ मात्र परत आली. आता तिच्या तोंडून निघायचा तो नुसता वारा. त्या वाऱ्याचे शब्द करून घ्यायला कान ओठांना लावावा लागे, आणि ते फक्त आफ्रियेला जमे.

बिरागोला एकच गोष्ट करून जायची होती. घर आफ्रियेला द्यायचं होतं.

तिने पोस्टाबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून कागद करून घेतला, अंगठा उठवला, आणि कुळाच्या कारभाऱ्याला बोलावणं धाडलं. ओपानीन डोन्कोर म्हणजे तिचा मावसभाऊच; ‘ओपानीन’ म्हणतात ते थोरल्याला मान म्हणून. सोबत म्हातारा बादू होता, कुळाचा ओच्यामे. बैठकीत कुणी एकमेकांच्या तोंडावर बोलत नाही. जे काही बोलायचं ते ओच्यामे ऐकतो, शब्द नीटनेटके करतो आणि समोर मांडतो. बादूने हे तीस वर्षं केलं होतं, आणि त्याने एखादा शब्द इकडचा तिकडे केला असं त्याचे दुष्मनही म्हणत नसत.

डोन्कोरने कागद उलटसुलट पाहिला. “बिरागो, रागावू नकोस. आजारी बाईचा अंगठा झोपेतही उठवता येतो. रक्ताबाहेरच्या माणसाला घर द्यायचं म्हणजे तुझ्या तोंडून कुळाने ऐकलं पाहिजे. सगळ्यांनी. ऐकलं, पोरीने आभाराची दारूची बाटली ठेवली, की घर तिचं; नाही ऐकलं, तर घर कुळाचं. डोन्कोर आडवा येणार नाही.”

डोन्कोर काही दुष्ट नव्हता. त्याच्या बहिणीचा मुलगा क्वाजो खाणीतलं काम सुटून बायको आणि चार पोरांसह त्याच्या ओसरीवर झोपत होता, एवढंच.

बिरागोचे ओठ हलले. आफ्रियेने कान नेला आणि म्हणाली, “आई म्हणते, मग एकेकाला माझ्या तोंडाशी आणा, नाकं पुसून.”

“चव्वेचाळीस माणसं आहेत,” डोन्कोर म्हणाला. “दहाव्याला तिचा दम संपेल.”

मास्तर बादूकडे वळला. “ओपानीन, तुम्ही ऐका ना एकटे. तुमच्या शब्दावर कोण बोट ठेवणार?”

“सगळेच ठेवतील,” बादू म्हणाला. “सगळ्यांनी ऐकलेलं मी मांडतो. मी एकट्याने ऐकलेलं ते कुळाचं ऐकणं नव्हे, ते बादूचं ऐकणं. उद्या भांडण माझ्या टाळक्यावर फुटेल, आणि टाळकं जुनं झालंय.”

“आवाज मोठा करून दिला तर?”

“करा की,” डोन्कोर म्हणाला. “तुमचा धंदाच आहे तो.”

पुढच्या मंगळवारची बैठक ठरली. आठ दिवस.

मास्तरने रेडिओ-भोंगे दुरुस्तीच्या आपल्या टपरीला कुलूप लावलं आणि सगळं सामान घरी, बिरागोच्या खाटेशेजारी आणलं. भोंगा वाजवणारा मोठा डबा त्याच्याकडे होता. पण त्या डब्याच्या आधी एक लहान डबा लागतो. माइकमध्ये येणारी कुजबुज मुंगीएवढी असते. लहान डबा तिला मांजराएवढी करतो, मग मोठा डबा तिचा बैल करतो. चांगला बोलणारा माणूस असेल तर कसलाही लहान डबा चालतो. इथे मुंगीसुद्धा नव्हती, मुंगीची सावली होती. म्हणून मास्तरने तो स्वतःच्या हाताने बांधायला घेतला. जुन्या टेपमधला हरभऱ्याएवढा माइक काढला, बिस्किटाच्या डब्यात सर्किटची पाटी बसवली, एकेक टाका भिंगातून पाहून डागला. चौथ्या दिवशी डबा तयार झाला. राहिला प्रश्न विजेचा. ह्या डब्याला खायला काय घालायचं?

कारण डबा आवाज आणि वीज असा भेद करत नाही. विजेतला मळ आत शिरला तर त्याचाही बैल होतो.

पाचव्या दिवशी लाइट होती. मास्तरने आधी जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर जोडला. कानाला हेडफोन लावले, माइक बिरागोच्या ओठांशी धरला. घुं. तिच्या वाऱ्यावर घुं बसली होती, भाकरीवर माशी बसावी तशी. त्याने ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या पत्र्याच्या डब्यात कोंडला, दोन हात लांब ठेवला, मध्ये मळ गाळायला एकावर एक जाडे कपॅसिटर लावले. घुं बारीक झाली, डासासारखी झाली, पण गेली नाही. भाषण असतं तर कुणाच्या लक्षातही आली नसती. बिरागोचा आवाज त्या डासाहून लहान होता.

मग त्याने मोबाइलच्या चार्जरसारखे दोन हलके चौकोनी चार्जर जोडून पाहिले. घुं गेली, पण मागे एक शीळ आली, दाताच्या फटीतून काढावी तशी, हेडफोनबाहेरही ऐकू येणारी.

बिरागोने बोट वर केलं. आफ्रिये वाकली आणि हसू दाबत म्हणाली, “आई विचारते, डब्यात नाग आणलात का?”

“तिला सांग, गप्प पड. दम जपून वापर.”

“ती म्हणते, लग्नाआधी हेच सांगायला हवं होतं.”

सहाव्या दिवशी लाइट नव्हती आणि मास्तरने मोटरसायकलच्या दोन बॅटऱ्या आणल्या. आदल्या दिवशी भरून घेतलेल्या, अजून आंबट वास येणाऱ्या. एकीला दुसरी जोडली, मधला सांधा शून्याचा धरला. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. दोघी सारख्या भरलेल्या हव्यात, नाहीतर आवाज एका बाजूला कलतो. तो पुनःपुन्हा मीटर लावून दोघींना मोजत राहिला. बॅटरीतली वीज तळ्यासारखी उभी असते, ती हेलकावे खात नाही. त्याने हेडफोन लावले.

काहीच नाही. त्याला वाटलं, तार सुटली. मग त्या काहीच नाहीमध्ये कापड सरकल्याचं ऐकू आलं. शेजारच्या अंगणात कुणीतरी फुफूसाठी उकडलेले कंद कुटत होतं, ते मुसळ ऐकू आलं. आणि मग अगदी कानाच्या आत, सात महिन्यांनी, त्याची बायको बोलली.

“मास्तर, दाढी करा. मयताला निघाल्यासारखे दिसताय.”

मास्तरने हेडफोन काढले नाहीत. आफ्रियेने विचारलं, “काय झालं, बाबा? चालत नाही?”

“चालतो,” तो म्हणाला. “मळ नाही. कणभर मळ नाही.”

आणखी एक सोय होती. येणारा मंगळवार लाइट नसण्याचा होता. ट्रान्सफॉर्मर असता तर जनरेटर आणावा लागला असता, आणि जनरेटरची घुं तर रेड्यासारखी. मोठा डबाही त्याने लॉरीच्या बॅटरीवर टाकला. वीज ठरली, वाक्यही ठरलं. बिरागोला एका वेळी सात-आठ शब्दांपुरता दम होता, आणि तेवढे बोलून झालं की अर्धा दिवस ती डोळे मिटून पडायची. म्हणून तालीम नको, असं तिनेच सांगितलं. मंगळवारीच बोलायचं, एकदाच. ‘माझं घर मी आफ्रियेला दिलं. बिरागो बोलतेय.’

मंगळवारी सकाळी कुळ जमलं. खोलीत खाट आणि दोन माणसं, एवढीच जागा. म्हणून सगळे अंगणात बसले. पुरुष एका बाजूला, खांद्यावरून कापड घेतलेले, बाया दुसऱ्या बाजूला. मध्ये स्टुलावर भोंगा. माइक आणि भोंगा एका जागी आले की किंचाळतात, म्हणून मास्तरने खोलीच्या दाराला जाड पडदा लावला होता. पडद्याच्या आत बिरागो, मास्तर आणि डबा. पडद्याबाहेर आफ्रिये, आभाराची बाटली मांडीवर घेऊन. ती बाटली धरायची कशी हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कधी गळ्याला धरी, कधी बुडाला.

बादूने काठी टेकवून कुळाला नमस्कार घातला, बिरागो बोलणार आहे असं सांगितलं, आणि सगळे थांबले. कशाची वाट पाहत थांबले, ते त्यांनाही कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घुं आली नाही. आत मास्तरने बटण दाबलं होतं, माइक ओठांशी धरला होता, पण बाहेर भोंगा नुसता खोकं होऊन बसला होता. अजून सुरू झालं नाही म्हणून लोक सैल झाले.

“त्या म्हातारीला स्टूल द्या रे.”

“माझ्याकडेच आहे की एक स्टूल, आणि बूडही एकच आहे.”

“क्वाजो, तुझा धाकटा बरा झाला का?”

“खोकतोय अजून. ओसरीवर दव पडतं ना.”

आणि त्या बोलण्यातच भोंगा बोलला. “...आफ्रियेला दिलं. बिरागो बोलतेय.”

आवाज वाऱ्याचाच होता, पण मांजराचा बैल झालेला, आणि स्वच्छ. इतका स्वच्छ की जिभेचा ओलावा ऐकू आला. अंगण एकदम गप्प झालं. मग बायांमधली एक म्हातारी मावशी उभी राहिली, तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि हंबरडा फोडला.

“अगं बिरागो, कधी गेलीस गं! आम्हाला सांगितलंसुद्धा नाही!”

तिच्या मागून आणखी दोघी रडायला लागल्या. तिचं तरी काय चुकलं? उभ्या जन्मात तिने भोंग्यातून असा स्वच्छ आवाज ऐकला होता तो मेलेल्यांचाच.

“थांबा, थांबा!” मास्तर पडद्यातून डोकं काढून ओरडला. “जिवंत आहे! तीच बोलली!”

“काय बोलली?” मागून कुणीतरी विचारलं.

“काहीतरी आफ्रियेला दिलं म्हणाली.”

“काय दिलं?”

“कुणाला ठाऊक. मी स्टूल बघत होतो.”

डोन्कोर उठला. त्याचा चेहरा रागाचा नव्हता, अवघडलेला होता. तो रीतीप्रमाणे बादूकडे तोंड करून बोलला. “ओच्यामे, मास्तरला विचारा. आज लाइट नाही. लाइट नसताना माइक कसा चालतो? आपल्या गावात लाइटवाचून चालते ती टेप. ती सेलवर चालते.”

बादूने विचारलं. मास्तर म्हणाला, “बॅटरीवर चालतो. मी बांधलाय. डबा बघा.”

“डब्यातलं आम्हाला काय कळतं,” डोन्कोर म्हणाला. “ओच्यामे, तुम्ही तीस वर्षं भोंगे ऐकलेत. तुम्हीच सांगा.”

बादू मग जे त्याला खरं वाटलं तेच बोलला, दुसरं काही बोलायची त्याला सवयच नव्हती. “माइक उघडला की घुं येते. चर्चमध्ये येते, शाळेत येते, मयतालाही कुणी बोलायला उभं राहिलं की येते. टेप लावली की येत नाही. मला आता घुं ऐकू आली नाही. मास्तर, मी तुम्हाला खोटं ठरवत नाही. पण हा उघड्या माइकचा आवाज आहे असं मी कुळाला सांगू शकत नाही.”

मळ काढायला मास्तरने आठ दिवस घातले होते. ट्रान्सफॉर्मरचा डबाभर मळ तिथेच कोपऱ्यात पडला होता. बाहेर जनरेटर लावला असता तर एवढ्यात सगळ्यांनी माना वर केल्या असत्या, ऐकलंही असतं, आणि मानलंही असतं. शब्द कळले नसते कदाचित. कळलेही असते.

“आत या,” तो म्हणाला. “ओपानीन, तुम्ही आत या. तिच्या उशाशी बसा. ओठ बघा आणि भोंगा ऐका. मग तर झालं?”

“तेवढं झालं तर पुरे,” बादू म्हणाला, आणि डोन्कोरनेही मान हलवली. पडदा बाजूला सारला. भोंगा किंचाळेल म्हणून क्वाजोने तो उचलून पार फाटकापर्यंत नेला. तोही झटत होता, बिचारा.

बादू उशाशी बसला. बिरागोचे डोळे मिटलेले होते. कपाळावर घामाचे थेंब. मास्तरने ओठांशी माइक नेला. “बिरागो. अजून एकदा. फक्त आफ्रियेचं नाव घे. नुसतं नाव.”

तिने डोळे उघडले. नवऱ्याकडे पाहिलं, बादूकडे पाहिलं, आणि तिचे ओठ हलले.

अंगणात चव्वेचाळीस माणसं श्वास रोखून होती. आता गप्प बसायला त्यांना घुं लागत नव्हती. भोंग्यातून वारा आला. शब्द नव्हता. मास्तरने आवाजाची खुंटी फिरवली. तिच्या छातीतली घरघर आली, पाणी संपत आलेल्या नळासारखी. त्याने खुंटी आणखी फिरवली, शेवटपर्यंत. डबा इमानी होता, आत घातलं ते सगळं बाहेर काढत होता. फाटकाशी ठेवलेल्या भोंग्यातून एका बाईचा एकेक श्वास गल्लीत जात होता. तो कसा अडकतो, कसा वर चढतो, पुन्हा कसा अडकतो. रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबली, त्यांनी टोप्या काढल्या. फुफू कुटणाऱ्या शेजारणीचं मुसळ थांबलं. बाया आता मोठ्याने रडत नव्हत्या, पदर तोंडात धरून बसल्या होत्या. डोन्कोरने खांद्यावरचं कापड खाली घेतलं, थोरांपुढे घेतात तसं.

“बिरागो, नाव,” मास्तर म्हणत होता, आणि तेही भोंग्यातून जात होतं. “एकच नाव. बोल. बोल ना गं.”

आफ्रियेने बाटली जमिनीवर ठेवली. ती लंगडत खोलीत आली. बापाच्या हातातला माइक तिने नाही घेतला. खाली वाकून बॅटरीवरची तार उपसली, आणि गल्ली शांत झाली.

“पुरे, बाबा.”

“अगं, बादू समोर बसलेत. तिचा दम परत आला की—”

“नाही येणार. तिला मरू द्या नीट. सगळ्या गावाच्या कानात नको.”

“आणि घर?”

आफ्रिये आईच्या तोंडावरचा घाम पुसत बसली.

बादू बाहेर गेला. कुळासमोर उभा राहून त्याने सांगितलं, “ओठ हलले. मी पाहिले. नाव मला ऐकू आलं नाही.” एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

“आणखी चार दिवस थांबू,” डोन्कोर म्हणाला. “तिला दम येऊ दे. मी अडवत नाही.” आणि त्याने खरोखरच थांबायची तयारी ठेवली होती. बिरागो शुक्रवारी पहाटे गेली.

मयताला मास्तरने आपली खोकी नेली नाहीत. दुसऱ्या गावचा भोंगेवाला आला. कुळाने घर क्वाजोला दिलं, तो बायको-पोरांसह आला, आणि आफ्रियेला म्हणाला, “ताई, चाळिसाव्या दिवसाचं कार्य होईपर्यंत तुम्ही राहा, माझी काही हरकत नाही.” त्याचा धाकटा खरंच खोकत होता. आफ्रियेने आईची खोली त्या पोराला झाडून दिली आणि दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र हातगाडीवर घातलं. मास्तरच्या कुळाच्या घरात त्याच्या वाट्याची एक खोली होती, तिच्यात तीन भाचे झोपत. म्हणून बाप-लेक टपरीतच राहायला गेले. दिवसा सामान बाहेर काढायचं, अंधार पडला की आत घ्यायचं आणि उरलेल्या जागेत पाय आखडायचे. पत्रा दुपारी तव्यासारखा तापायचा. आफ्रियेचा वाळलेला पाय सुजायला लागला.

दोन महिन्यांनी एका दुपारी बादू आला. मास्तर बाकावर कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला होता. म्हातारा उभाच राहिला.

“मास्तर, मला झोप लागत नाही. एक विचारू?”

“विचारा.”

“ती टेप होती का?”

“नाही.”

“उघडा माइक होता?”

“होता. ती जिवंत होती आणि बोलत होती. ‘माझं घर मी आफ्रियेला दिलं.’ एवढंच बोलली.”

“मग घुं का नव्हती?”

मास्तरने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “मी काढली होती.”

बादूचे ओठ हलले. तो कुळापुढे उभा राहून बोलेल, असं काहीतरी पुटपुटला. पण निकालाच्या वेळी जमिनीवर दारू शिंपून झालेली होती, पूर्वजांना सांगून झालेलं होतं, आणि तसं झाल्यावर ओच्यामेला शब्द परत घेता येत नाही, हे बेक्वाईत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आफ्रियेने शिवणयंत्र थांबवलं. म्हाताऱ्याला बसायला स्वतःचं स्टूल दिलं, घरी आलेल्या माणसाला देतात तसं पाणी दिलं, तो पाणी पिईपर्यंत हात मागे बांधून उभी राहिली. मग रीतीप्रमाणे तिने विचारलं, “ओपानीन, इकडे सगळं ठीक आहे. तुमचं येणं कशासाठी झालं?”

बादू रिकामा पेला धरून बसून राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द मांडलेला माणूस, त्याला स्वतःचा एक सापडेना. आफ्रियेने पेला त्याच्या हातातून हळूच काढून घेतला आणि आणखी पाणी आणायला गेली.